लॉजच्या प्रोग्रामवर चाललेला दवाखाना

आमच्या दवाखान्यात मेलेल्या माणसाच्या कागदावरही 'थँक यू, व्हिजिट अगेन' असं छापून यायचं. मी कॉम्प्युटरच्या खोलीत सरांच्या हाताखाली नोकरीला लागले तेव्हा हे बरेच दिवस चालू होतं आणि कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. सुट्टीच्या कागदाच्या तळाशी बारीक इंग्रजीत काय छापलंय, हे वाचायची सवड रुग्णाला नसते आणि इच्छा डॉक्टरला नसते. एकदा समुद्रपूरकडच्या एका गुरुजींचे वडील आमच्याकडे वारले. गुरुजी कागद घेऊन फाटकापर्यंत गेले आणि परत आले. नोंदणीच्या खिडकीवर कागद ठेवून त्यांनी त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं. खिडकीवरच्या मुलीनं तो कागद आत आणून सरांना दिला.

सरांनी तो वाचला, उठून बाहेर गेले, गुरुजींपुढं हात जोडले आणि म्हणाले, "गुरुजी, माफ करा. हे मशीन दवाखान्याचं नाई, लॉजचं हाय."

बाहेर बसलेल्यांना वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय. तसं वाटायला जागाही होती. मे महिन्याची दुपार, बाहेर अंगाची लाही होतेय आणि सरांच्या अंगात राखाडी स्वेटर, गळ्याला मफलर. अख्ख्या दवाखान्यात थंड हवेचं यंत्र एकट्या कॉम्प्युटरच्या खोलीला होतं, आणि ते यंत्र माणसांसाठी नव्हतं. सर दिवसभर त्या गारठ्यात बसत आणि चहाला टपरीवर जातानाही स्वेटर काढत नसत. टपरीवाला म्हणायचा, "सायेब, तुमाले पाहूनच घाम येते जी."

पण लॉजचं म्हणाले ते अक्षरशः खरं होतं. सेवाग्राम आणि सावंगीच्या मोठ्या दवाखान्यांपुढं आमचा दवाखाना म्हणजे जाम गावाच्या रस्त्यावरचं एका ट्रस्टचं लहानसं प्रकरण. त्यांच्याकडे कॉम्प्युटर आले म्हणून आमच्या सचिवांनाही हवा झाला. नागपूरच्या एका माणसानं कुठल्याशा लॉजसाठी पाहुण्यांची नोंद ठेवायचा प्रोग्राम लिहिला होता. त्यात 'गेस्ट'च्या जागी 'पेशंट' करून त्यानं तो आम्हाला विकला आणि परदेशी निघून गेला. मूळ लिखाणाच्या अर्ध्या फायलीही त्याच्याबरोबर गेल्या. म्हणून आमच्या रुग्णाच्या नोंदीत खोलीचा प्रकार होता, वाहन क्रमांक होता, कुठून आलात होतं आणि कुठे जाणार हेही होतं. बैलगाडीतून उतरवलेल्या बाळंतिणीचा वाहन क्रमांक कोण लिहिणार? त्या जागा वर्षानुवर्षं कोऱ्या राहिल्या.

ती ओळ छापणारा भाग हरवलेल्या फायलींत होता. त्यामुळे सरांनी चालत्या प्रोग्रामच्या पोटात हात घातला आणि त्या चार शब्दांचं एकेक अक्षर कोऱ्या जागेनं बदललं. एक अक्षर कमीजास्त झालं असतं तर सगळा दवाखाना बंद पडला असता. काम संपल्यावर म्हणाले, "चला, मेल्या मानसाले आता कोनी पुन्हा बलावनार नाई." आणि चहाला गेले.

त्या नागपूरच्या माणसाला सर 'महापुरुष' म्हणत. "महापुरुषानं इथं काय करून ठेवलं पाहा" ही त्यांची दिवसाची सुरुवात. महापुरुषाला शोभा नावाची कोणी मुलगी आवडत असावी. आकडा किंवा नाव घटकाभर ठेवायला प्रोग्राममध्ये जे डबे असतात, त्यांना त्यानं शोभा एक, शोभा दोन, शोभा तीन अशी नावं दिली होती. "शोभा रिकामी येऊन राह्यली," "शोभा भरली अन् त्यानं तिले तशीच सोडून देल्ली," असं सर भर व्हरांड्यात मोठ्यानं बोलत. नव्या सिस्टर माना खाली घालून निघून जात.

व्हरांडा हीच सरांची खरी खोली. प्रोग्राम बिघडला की ते त्याचा लांबच लांब कागद छापत, दोन्ही कडांना भोकं असलेला, आणि तो व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरत. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर सलाईनच्या भरलेल्या बाटल्या ठेवत. मग चपला काढून, लाल पेन्सिल घेऊन, त्या कागदाच्या बाजूनं रांगत मोठ्यानं वाचत जात. नातेवाईक भिंतीला चिकटून वाट काढत. एकदा एका म्हाताऱ्यानं वाकून त्या कागदाला नमस्कार केला. सर त्याला म्हणाले, "बाबाजी, याच्या पाया नोका पडू, याच्यातच तुमचं नाव अडकून हाय."

मला ते पहिली दोन वर्षं अजिबात आवडत नसत. सर खडूस होते आणि आपल्याला सगळं येतं याचा त्यांना भलताच तोरा होता. मी लिहिलेल्या प्रोग्रामचा कागद नुसता परत सरकवत आणि विचारत, "ताई, घरी असं बोलता काय कोनाशी?" काय चुकलं ते सांगत नसत. खिडकीवरच्या मुलींवर तर असे ओरडत की एकीनं नोकरीच सोडली. पुलगावला त्यांच्या वडलांचं धान्याचं दुकान होतं, तीन भाऊ तिथं सुखानं बसले होते. एवढ्या तोंडाळ माणसाला घरच्यांनी गल्ल्यावर बसू दिलं नाही, हे त्या घराचं शहाणपण, असं मी तेव्हा म्हणायची.

त्यांचा सगळा राग एका गोष्टीवर होता. मशीनमध्ये सगळं आहे आणि विचारता काही येत नाही. एखाद्या डॉक्टरनं म्हटलं, यंदा साप चावलेले किती आले, तर त्या एका प्रश्नासाठी पानभर प्रोग्राम लिहावा लागे. दुसऱ्यानं विचारलं, त्यातले रात्री आलेले किती, की पुन्हा नवा प्रोग्राम. सरांनी नियम केला होता की ज्यानं प्रश्न विचारला त्यानं उत्तर येईपर्यंत शेजारी बसायचं. "प्रश्नाची किंमत समजली पाह्यजे," म्हणत. मोठे डॉक्टर कशाला बसतील? त्यांनी विचारणंच सोडून दिलं. सरांना त्याचं अधिकच लागलं. चिडले की संत्र्याची गोष्ट सांगत.

"बाजारात बाई संत्रेवालीले इचारते ना, मागच्या हप्त्यात आणलते ते पातळ सालीचे हायेत काय? थे लगेच सांगते, हायेत, नाई तं नाईत. तिले कोनी शोभा मांडाले लावते काय? मशीनले असं इचारता आलं पाह्यजे. जसं मनात आलं तसं. थ्या दिवशी मी हे स्वेटर काढून टाकीन."

मला ती तेव्हा तक्रारखोर माणसाची बडबड वाटायची. मग एक दिवस तो भाऊ आला.

भाऊ म्हणजे एका मेलेल्या बाईचा भाऊ. दुसऱ्या बाळंतपणाला सासरच्यांनी तिला आमच्याकडे आणलं होतं. तिला एक इंजेक्शन दिलं, अंग सुजलं, श्वास अडकला, आणि ती गेली. भाऊ हिंगणघाटच्या पुढच्या गावाहून सायकलनं आला होता. अधीक्षकांच्या दारातून त्याला हाकललं होतं. कोणीतरी सांगितलं, कॉम्प्युटरच्या खोलीत विचार. तो दारात उभा राहून म्हणाला, "मोठी बहीण होती जी माही. पहिल्या टायमाले मीच आणलतं इथं. तवाबी याच सुईनं असंच झालतं. डॉक्टरनं लिहून घेतलतं. मंग या खेपेले काऊन देल्ली?"

सरांनी त्याला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि शोधायला घेतलं. मी शेजारीच होते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माहेरची माणसं दवाखान्यात आणतात आणि माहेरचं नाव सांगतात. दुसऱ्या खेपेला सासरची माणसं आणतात आणि सासरचं नाव सांगतात. लग्नात आडनाव बदलतं, बापाच्या जागी नवरा येतो, आणि आमच्या भागात बहुतेक घरांत बाईचं स्वतःचं नावही बदलून टाकतात. माहेरची वंदना सासरी प्रतिभा होते. लॉजच्या प्रोग्रामच्या लेखी त्या दोन वेगळ्या पाहुण्या. सरांनी भावाकडून दोन्ही नावं घेतली, भर दुपारी प्रोग्राम लिहिला आणि चालवला. दोन्ही नोंदी निघाल्या. पहिलीच्या शेरा या रकान्यात औषधाचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं.

भावानं विचारलं, "होतं काय जी मशीनमंदी?"

कोणीही शहाणा माणूस 'नाही सापडत' म्हणाला असता. सर म्हणाले, "होतं. इचारता येत नव्हतं."

भाऊ चहा न पिता उठून गेला. पुढं त्याचा वकील आला, सचिवांनी सरांना बोलावून झापझाप झापलं, आणि सरांची ठरलेली बढती गेली ती कायमची. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस, असं सचिव त्यांच्याविषयी सगळ्यांना सांगत सुटले. मला त्या दिवसापासून सर आवडायला लागले. उशिरा आवडले याचं वाईट वाटतं.

त्यानंतर सरांना एकच ध्यास लागला. कुठलीही बाई आली तरी तिच्या दोन नावांची गाठ मशीनमध्ये पडली पाहिजे, आणि तिला काय चालत नाही ते पहिल्याच पडद्यावर दिसलं पाहिजे. नवी जागा वाढवता येत नव्हती, वाढवली की छपाई बंद पडायची. मग त्यांना त्या कोऱ्या जागा आठवल्या. 'कुठून आलात' मध्ये त्यांनी माहेरचं नाव घालायला लावलं. 'कुठे जाणार' मध्ये सासरचं. आणि 'वाहन क्रमांक' मध्ये न चालणाऱ्या औषधाचं नाव. महापुरुषाचं त्यांनी एवढ्या एका बाबतीत कौतुक केलं, की 'कुठून आलात, कुठे जाणार' ही बाईची कथा त्याला लॉजवाल्यांकडून बरोबर समजली होती.

खिडकीवर रांग तुंबली. मुली कुरकुरल्या. तेव्हा सर स्वतः स्वेटर-मफलर घालून खिडकीवर बसले. मी ते दृश्य विसरू शकत नाही. सर विचारत, "बाई, माहेरचं नाव काय?" आणि उत्तर नवराच देऊ लागे. सर म्हणत, "तुमी थांबा जी, तिले सांगू द्या." कुणी लाजे, कुणी हसे. एका म्हातारीला सांगायला फार वेळ लागला. तिनं दोनदा चुकीचं सांगितलं, मग बरोबर सांगितलं आणि खिडकीचे गज धरून उभीच राहिली. म्हणाली, "या नावानं कोनी हाक नाई मारली, माय गेल्यापासून." रांगेतला एक माणूस ओरडला, सर त्याच्यावर दुप्पट ओरडले.

सासवा मात्र खवळत. एक जण तावातावानं म्हणाली, "माहेरचं नाव कायले पाह्यजे तुमाले? आमची सून हाय थे आता."

"सून तुमची हाय माय," सर म्हणाले, "रक्त माहेरचंच हाय."

माझं लग्न ठरलं तेव्हा माझंही नाव बदलायचा घाट सासरी घातला गेला. मी बदलू दिलं नाही. कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, आमच्या दवाखान्यात सापडणार नाही मी. सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं.

तर असं ते चार-पाच वर्षं चाललं आणि चांगलं चाललं. कितीतरी बायकांच्या पडद्यावर वाहन क्रमांकाच्या जागी औषधाचं नाव झळकलं आणि सिस्टरच्या हातातली सुई थांबली. त्याची बातमी होत नाही. न झालेल्या गोष्टीची बातमी कशी होणार?

आता सरांचा दोष सांगते. हे सगळं त्यांनी कुठंही लिहून ठेवलं नाही. वाहन क्रमांक म्हणजे औषध, हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, खिडकीवरच्या मुलींना ठाऊक. मी किती वेळा म्हटलं, सर, दोन पानं लिहून अधीक्षकांना देऊन ठेवा. ते म्हणत, "ज्याले पाह्यजे थो इचारीन येऊन." महापुरुषाला जन्मभर शिव्या देणारा हा माणूस शेवटी महापुरुषासारखाच वागला. मशीनला काही विचारता येत नाही म्हणून जो जळत होता, त्याला स्वतःलाही कोणी सहज काही विचारू शकत नव्हतं. मला आजही त्यांचा राग येतो तो याचाच.

दोन हजार साल उलटल्यावर सचिवांनी नवी यंत्रणा विकत घेतली. रंगीत खिडक्या, माऊस, सगळं. कंपनीची टाय लावलेली पोरं जुनी माहिती नव्या यंत्रणेत न्यायला आली. त्यांनी सरांकडे जागांची यादी मागितली. सर म्हणाले, "महिनाभर माह्याजवळ बसा, सांगतो." पोरांकडे महिना नव्हता. मग बैठक झाली. मी उभी राहून सांगितलं की वाहन क्रमांकात औषधांची नावं आहेत, ती टाकून देऊ नका. सचिव हसले. "मॅडम, गाडीच्या नंबरात औषध कोण लिहितं?" सगळे हसले. मी पुन्हा सांगितलं. मला बसा म्हणाले. सर माझ्या शेजारी मफलरशी चाळा करत बसले होते, ते एक शब्द बोलले नाहीत. मानी माणूस. लॉजच्या जागा लॉजच्या म्हणून गाळल्या गेल्या, आणि शेरा हा रकाना लांबीला बसत नाही म्हणून तोही गेला. जुन्या मशीन कंपनीनं नेल्या. रेकॉर्डची खोली रिकामी करून तिथं काचेचा स्वागतकक्ष झाला, कागद रद्दीत गेले. सरांजवळ प्रत असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी ठेवली नव्हती. रुग्णाची माहिती घरी नेणं त्यांच्या लेखी चोरी होती. त्यांची बदली भांडारात झाली, चादरी आणि फिनेल मोजायला. तिथं गारठा नव्हता, तरी स्वेटर होताच.

पुढल्या वर्षी एका सकाळी प्रसूतीच्या डॉक्टरबाई माझ्याकडे धावत आल्या. नव्याच होत्या, चांगल्या होत्या. एक बाई आली होती, याही खेपेला आईनंच आणलेली, कळा सुरू झालेल्या. आई सांगत होती, पहिल्या बाळंतपणात इथंच एका सुईनं पोरीचा जीव जाता जाता राहिला. कुठली सुई, ते दोघींनाही सांगता येत नव्हतं. मी भांडारातून सरांना घेऊन आले.

सर त्या रंगीत पडद्यापुढं पहिल्यांदाच बसले. मी त्यांना दाखवलं, इथं नाव, इथं गाव, इथं साल, जे आठवेल तेवढं भरा, बाकी सोडून द्या. त्यांनी माहेरचं नाव भरलं आणि कळ दाबली. बोट उचलायच्या आत बाईची नोंद समोर आली. वय, गाव, तारीख, मुलगा झाला, वजन, सुट्टी. औषधाचा मागमूस नव्हता. त्यांनी दुसऱ्या बाजूनं विचारलं, त्या महिन्यात सुईचा त्रास झालेल्या बायका कोण. ज्या प्रश्नासाठी पूर्वी दुपार लागली असती, तो त्यांनी अर्ध्या ओळीत विचारला. लगेच उत्तर आलं, एकही नोंद नाही. त्यांनी गावावरून विचारलं, डॉक्टरवरून विचारलं. उत्तर तेच, आणि तितक्याच झटकन.

"मीच टाकलतं," ते म्हणाले. "मले याद हाय, या पोरीचं मीच टाकलतं. औषीधाचं नाव याद नाई." मग पडद्याकडे पाहत म्हणाले, "किती लवकर सांगते पाहा."

डॉक्टरबाईंनी दोन इंजेक्शनांवर संशय धरला आणि दोन्ही टाळली. त्यातलं एक दुखणं कमी करायचं इंजेक्शन होतं. पोरीनं ते सगळं तसंच सोसलं. तिचं ओरडणं स्वागतकक्षापर्यंत ऐकू येत होतं. संध्याकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप. अधीक्षकांनी सचिवांना फोन करून कळवलं की जुनी नोंद नव्या यंत्रणेत क्षणात सापडली.

दुसऱ्या दिवशी सर वॉर्डात गेले. मीही गेले. पोरगी झोपेतून नुकतीच उठली होती, आई शेजारी बसून लेकराला पाहत होती. सरांनी डॉक्टरबाईंकडून दोन्ही औषधांची नावं मराठीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहून आणली होती. तो कागद त्यांनी आईच्या हातात दिला.

"हे जपून ठेवतो जी," आई म्हणाली. "पेटीत ठेवतो."

"पेटीत नोका ठेवू. कागद हरवते. गोंदून घ्या."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "जत्रेत गोंदते तसं?"

"तसंच. दोन्ही नावं."

मला वाटलं, हे त्यांचं नेहमीचं कुचकं बोलणं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. इतकी वर्षं मशीनशी भांडलेला माणूस त्या बाईला मनापासून सांगत होता की आमच्या भरवशावर राहू नका. मला रडू आलं ते मी वॉर्डात आवरलं.

पोरीनं दोन्ही हात चादरीबाहेर काढून पाहिले. एका हातावर आईनं लहानपणी गोंदवलेलं तिचं माहेरचं नाव होतं. दुसरा कोरा होता.

"कोन्त्या हातावर जी?" तिनं विचारलं.

"ज्या हाताले सुई टोचतात," सर म्हणाले, "त्याच्यावर."